लेकरांचा वाद्यवृंद आणि आपलं सभागृह

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नवीन कचेऱ्या आल्या, बदल्या झाल्या, आणि शिक्षक, महसूलवाले, एसटीवाले, बँकवाले अशी आपण चहूकडची माणसं पुढच्याच वर्षी एका ले-आउटवर एकत्र आलो. या पंचवीस वर्षांत काय काय झालं ते माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितलं आहे. टँकरचे दिवस, बोअर, नाल्या, सिमेंटचा रस्ता, ओपन स्पेसवरचा मारुती, कडुलिंबाची झाडं. त्यात मी भर घालत नाही. सचिव साहेब मला म्हणाले, "काका, वीस मिनिटं बोला, विषय तुमच्या मनानं घ्या." रिटायर झालेल्या बँकवाल्याला असं सांगणं म्हणजे जोखमीचं काम. लोकांना वाटतं, हा आता मुदत ठेवीचे व्याजदर वाचून दाखवणार. घाबरू नका. मी आज मुलांच्या वाद्यवृंदावर बोलणार आहे.

याला कारण आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सभागृहाचा विषय आहे. सभागृह कायमस्वरूपी भाड्यानं द्यावं, म्हणजे महिन्याकाठी ठरावीक उत्पन्न येईल आणि देखभालीचा खर्च निघेल, अशी सूचना आलेली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि आकडे मलाही कळतात. पण हात वर करायच्या आधी त्या सभागृहाच्या मागच्या खोलीत काय आहे, ते सर्वांनी एकदा लक्षात घ्यावं. तिथं दोन पेट्या आहेत, तीन तबल्यांच्या जोड्या, एक पखवाज, एक ढोलकी, टाळांच्या चौदा जोड्या, दोन झांजा, एक बुलबुलतरंग आणि एक कॅसिओ. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा चादरी टाकून ठेवलेलं हे सामान अजून तसंच आहे.

नवीन रहिवाशांसाठी सांगतो. २०११ ते २०२० अशी नऊ वर्षं आपल्या संस्थेत मुलांचा वाद्यवृंद चालत होता. आपल्या कॉलनीत राहणाऱ्या, शाळेतून संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई तो चालवायच्या. आता त्या मुलाकडं पुण्याला असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी पंधरा-वीस लेकरं जमायची. माझ्याकडं काम होतं जमाखर्चाचं. वर्गणी गोळा करणं, तबल्याची पुडी बदलून आणणं, पेटीचा भाता दुरुस्त करून घेणं. म्हणजे मी वाजवणारा नाही, वाजवणाऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस आहे. त्या खुर्चीवरून नऊ वर्षं जे दिसलं आणि नंतर वाचून-ऐकून जे समजलं, ते सांगतो.

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्या पिढीला आठवतो तो गणपतीत नाहीतर दसऱ्यात मैदानावर घातलेला स्टेज, चकाकणारे कोट, माईकचा घुमारा आणि लता-किशोरची गाणी. मीही सायकलवर जाऊन ते ऐकलेलं आहे. पण वाद्यवृंद याचा साधा अर्थ, अनेकांनी अनेक वाद्यं घेऊन एक गोष्ट मिळून वाजवणं. आणि हे आपल्या भागाला मुळीच नवीन नाही. संत नामदेवांचं नरसी आपल्याच तालुक्यात आहे. औंढ्याची आख्यायिका आपल्याला पाठ आहे. नामदेवांना देवळाच्या मागं जाऊन कीर्तन करायला सांगितलं आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. ती ऐकताना माझ्या मनात नेहमी येतं की नामदेव तिथं एकटे थोडेच असतील? टाळकरी मागं असतीलच. कीर्तन एकट्याचं होत नाही.

माझ्या लहानपणी गावात अखंड हरिनाम सप्ताह असायचा, आजही असतो. पोरगं टाळ पेलण्याएवढं झालं की त्याला टाळकऱ्यांच्या ओळीत शेवटाला उभं करायचे. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मृदंग कुठं चाललाय ते ऐकायचं, शेजाऱ्याकडं बघायचं आणि पावली टाकायची. माझ्या शेजारी एक वयस्कर टाळकरी असायचे. मी घाई करायला लागलो की ते तोंडानं काही बोलत नसत. हळूच माझ्या पायावर पाय ठेवायचे. मी पुन्हा लयीत यायचो. शाळेत शिकलेलं बीजगणित मी विसरलो, पण तो पाय अजून विसरलेलो नाही. पुढं बँकेत मार्चअखेरच्या गर्दीत काऊंटरवर आरडाओरडा सुरू झाला की घाई करू नये, शेजारचा कुठवर आलाय ते बघावं, हे मला त्या पायानंच शिकवलं असं मी मानतो.

याच परंपरेला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला शाळेचं रूप दिलं, ती वारकरी शिक्षण संस्था. गावोगावची पोरं तिथं जाऊन राहतात, माधुकरी मागून शिकलेल्यांच्याही पिढ्या झाल्या. गायन, मृदंग, कीर्तन शिकायचं आणि परत गावाकडं यायचं. आज आपल्या जिल्ह्यात कुठल्याही सप्ताहाला जा, गायनाचार्य किंवा मृदंगाचार्य आळंदीत शिकलेला निघतोच निघतो.

आता थोडं लांब जाऊ. लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे नाव इथं कुणाला माहीत नाही असं होणार नाही. पण ही जोडी जमली कुठं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती एखाद्या स्टुडिओत जमली नाही. मंगेशकर भावंडांनी मुंबईत 'सुरील बालकला केंद्र' नावाचा मुलांचा संगीतसंच चालवला होता, तिथं ही दोघं लहान वयात भेटली. लक्ष्मीकांत कुडाळकर यांचा जन्म १९३७ चा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचा, म्हणून नाव लक्ष्मीकांत. वडील लहानपणीच गेले, घरची गरिबी, शाळा अर्धवट सुटलेली, हातात मेंडोलिन. प्यारेलाल शर्मा तीन वर्षांनी लहान. वडील पंडित रामप्रसाद ट्रम्पेट वाजवायचे, अनेकांना शिकवायचे, पण घरात पैशाची ओढाताण. त्यामुळं बाराव्या वर्षापासून प्यारेलाल व्हायोलिन घेऊन स्टुडिओत कामाला जाऊ लागले. एक मराठी बोलणारा, एक हिंदी बोलणारा. मुलांच्या संचात शेजारी शेजारी बसून वाजवायला लागले. १९६३ मध्ये 'पारसमणी' आला आणि तिथून १९९८ मध्ये लक्ष्मीकांत जाईपर्यंत पस्तीस वर्षं ही भागीदारी टिकली. पाचशेच्या आसपास चित्रपट. प्यारेलालजींना २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं.

मी बँकेत अनेक भागीदारी संस्थांची खाती पाहिली. भागीदारीपत्र स्टँप पेपरवर असूनही पाच वर्षांत कोर्टात गेलेली पाहिली. लहान वयात एका सतरंजीवर बसून एकमेकांची लय सांभाळलेली दोन पोरं पस्तीस वर्षं एका नावानं काम करतात, याचं मला एक हिशेबनीस म्हणून फार नवल वाटतं.

प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवलं अँथनी गोन्सालविस या गोव्याच्या वादकानं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून गावोगावी चर्चला जोडून संगीताच्या शाळा असत. मुलांना तिथं स्वरलिपी वाचायला, सुरात गायला, व्हायोलिन धरायला शिकवत, आणि शिकलेलं लगेच चर्चच्या गायनवृंदात सगळ्यांबरोबर वाजवावं लागे. गोन्सालविस यांचे वडील माजोर्डा गावच्या चर्चमध्ये असेच गायनवृंदाचे प्रमुख होते. या शाळांतून तयार झालेली पोरं पोटासाठी मुंबईला आली. समोर ठेवलेला कागद वाचून पन्नास जणांत बिनचूक वाजवणारी माणसं मुंबईला हवीच होती. आपण ज्याला चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यातल्या व्हायोलिनच्या लाटा, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांत गोव्याच्या वादकांचा फार मोठा वाटा आहे. रेकॉर्डवर त्यांची नावं छापली जात नसत. गोन्सालविस यांनी १९५८ मध्ये भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांना एकत्र घेऊन स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंदही उभा केला होता. १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी' आला तेव्हा पडद्यावरच्या अँथनीच्या तोंडी प्यारेलालजींनी आपल्या गुरूचं नाव घातलं. आपण ते गाणं गंमत म्हणून लग्नात नाचायला लावतो. पण ती एका शिष्यानं सगळ्या देशाकडून वदवून घेतलेली गुरुदक्षिणा आहे.

आता मैहरला जाऊ. मध्य प्रदेशात सतन्याजवळ हे शारदामातेचं ठिकाण, आपल्यापैकी काही जण दर्शनाला जाऊन आलेले आहेत. तिथल्या महाराजांच्या पदरी बाबा अल्लाउद्दीन खाँ होते. रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी यांचे गुरू. स्वतः बाबांनी तरुणपणी कलकत्त्यात मिळेल त्याच्याकडून मिळेल ते वाद्य शिकून घेतलं होतं, लोबो नावाच्या बँडमास्तरकडून व्हायोलिनसुद्धा. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला साथीच्या रोगानं मैहर भागात अनेक लेकरं पोरकी झाली. बाबांनी ती गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद बनवला. मैहर बँड म्हणतात तो हाच. वाद्यं कमी पडली तर बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं 'नलतरंग' नावाचं वाद्य तयार केलं. गोळी झाडायच्या नळीतून सूर काढायचा! रविशंकर यांच्यासारखा शिष्य एखादाच होतो, हे बाबांना काय कळत नव्हतं? पण त्या पोरक्या लेकरांसाठी त्यांनी वेगळा विचार केला. त्यांना आधी चारचौघांत एक जागा पाहिजे होती, आणि 'तू आला नाहीस तर आज वाजणार नाही' असं म्हणणारं कुणीतरी पाहिजे होतं. ती मुलं गेली, त्यांच्या जागी दुसरी आली, मैहर बँड शंभर वर्षं चालत राहिला.

आता देशाबाहेरची दोन उदाहरणं देतो आणि मग घरी येतो.

झुबिन मेहता हे मुंबईचे, जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. झुबिन त्या तालमींच्या आवाजातच वाढले. डॉक्टरकी शिकायला घातलं होतं, ती सोडून १९५४ मध्ये व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले. दोन वर्षांनी शेजारच्या हंगेरीत उठाव झाला, निर्वासितांचे लोंढे आले. तेव्हा या वीस वर्षांच्या पोरानं आठवडाभरात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून निर्वासितांच्या छावणीत कार्यक्रम केला. आणि वडील मेहली? ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले आणि वयाच्या छपन्नाव्या वर्षी, १९६४ मध्ये, त्यांनी तिथं तरुण वादकांचा वाद्यवृंद काढला, अमेरिकन यूथ सिम्फनी. १९९८ पर्यंत तो स्वतः चालवला. म्हणजे नव्वदीपर्यंत! आपण साठीला रिटायर होऊन कंबर धरून बसतो. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत जाऊन बसली. पण ऐका, हाच वाद्यवृंद २०२४ मध्ये पैशाअभावी बंद झाला. साठ वर्षांची संस्था, अमेरिकेसारखा देश, आणि तरीही. चांगलं काम चांगलं आहे म्हणून आपोआप चालत नाही, त्याच्या मागं कुणीतरी दर साली हिशेब घेऊन उभं राहावं लागतं.

दुसरं उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाचं. तिथं १९७५ मध्ये होसे आंतोनियो आब्रेऊ या गृहस्थांनी गरीब मुलांसाठी वाद्यवृंद सुरू केले. त्यांचा पेशा काय? अर्थतज्ज्ञ! म्हणून मला ते जवळचे वाटतात. पहिल्या तालमीला स्वरलिपीचे कागद ठेवायचे पन्नास स्टँड आणले होते आणि मुलं आली अकरा. आपण असतो तर कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली असती. त्यांनी अकरा जणांवर सुरू केलं. पुढं त्यातून लाखो मुलं गेली. त्यातलाच गुस्ताव्हो दुदामेल हा मुलगा अठराव्या वर्षी देशाच्या तरुण वाद्यवृंदाचा संचालक झाला आणि २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या वाद्यवृंदाचा. साठ-सत्तरच्या दशकांत त्याच खुर्चीवर आपले झुबिन मेहता होते. अलीकडं आपल्या गोव्यातही डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये पणजीला 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' सुरू केलं, गरीब घरच्या मुलांना व्हायोलिन वगैरे शिकवून एकत्र वाजवायला बसवण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, काका, ही सगळी मोठी माणसं. आमचं लेकरू काय दुदामेल होणार आहे? नाही होणार. आपल्या नऊ वर्षांत साठ-सत्तर लेकरं त्या खोलीतून गेली. पोटापाण्यासाठी संगीत धरलं ते एकानं. आणि म्हणूनच मला बाकीच्यांबद्दल बोलायचंय. त्यांच्यात काय राहिलं?

पहिली गोष्ट, कान. घरी एकटं वाजवणारं लेकरू स्वतःचंच ऐकतं. सगळ्यांत बसवलं की पहिले दोन-तीन महिने सगळी जोरात वाजवतात, कारण प्रत्येकाला आपलं ऐकू यायला पाहिजे असतं. बाजार भरल्यासारखा गलका होतो. मग एक दिवस बाई म्हणायच्या, "आज शेजारच्याचं ऐकू येईल एवढंच वाजवा." गलका एकदम बसायचा. दर वर्षी नव्या मुलांबरोबर हा दिवस यायचा आणि दर वर्षी मी कामं टाकून तो बघायला जायचो.

दुसरी गोष्ट, थांबणं. झांजवाल्या पोराचं काम काय, तर पाच मिनिटांच्या धुनेत दोनदा झांज मारायची. बाकी वेळ मोजत राहायचं. एक मिनिट चुकून आधी मारली तर सगळ्यांचा विचका. आपल्याला वाटतं ते पोरगं नुसतं उभं आहे. ते पोरगं सगळ्यांत जास्त काम करत असतं. आजच्या लेकरांना मोबाईलवर एक गाणं दहा सेकंदांत पुढं ढकलायची सवय आहे. पाच मिनिटं आपली पाळी यायची वाट बघणं त्यांना दुसरं कोण शिकवणार?

तिसरी गोष्ट, चूक सांभाळली जाते. शाळेत चुकलं की लाल शाई. इथं एकाचा हात चुकला तरी ठेका चालू असतो. दोन मात्रा सोडायच्या आणि समेवर परत यायचं. शेजारी सम दाखवतो. कुणी रडत नाही, कुणी निकाल लावत नाही. बारावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या घराघरात काय वातावरण असतं ते आठवा आणि मग ही सवय किती मोलाची आहे ते सांगा.

आता आपली लेकरं. नावं घेत नाही, काही जण समोरच बसलेत. दुसऱ्या पेटीवर एक मुलगी होती. तिला वर्षभर नुसता सूर धरून ठेवायचं काम होतं. तिची आई माझ्याकडं तक्रार घेऊन आली होती, "भाऊ, सगळी लेकरं गाणी वाजवायलेत आन् माझी पोरगी नुसतीच भाता हलवायलीय." ती आज छत्रपती संभाजीनगरला एका दवाखान्यात आयसीयूत नर्स आहे. दिवाळीला आली होती, तेव्हा म्हणाली, "काका, वॉर्डात सगळी मशीनं वाजत असतात. पण एखाद्याचा सूर जरा बदलला की मी न बघता सांगते, कोणत्या कॉटचं." मी विचारलं, हे कुठं शिकवलं? तर म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये नाही शिकवलं."

दुसरे दोन मुलगे. त्यांच्या घरांमधल्या कंपाउंडच्या भिंतीवरून झालेला वाद जुन्या सभासदांना आठवत असेल. एकाच तबल्याच्या जोडीवर दोघांना आळीपाळीनं बसावं लागायचं, कारण तेव्हा जोडी एकच होती. आज दोघं मिळून औषधाचं दुकान चालवतात. वडील मंडळी अजूनही मोजकंच बोलतात, पण औषध तिथूनच आणतात. तिसरा मोंढ्यात हळदीच्या अडतीवर बसतो. वाजवणं सुटलंय. पण गणपतीच्या मिरवणुकीत ढोल पळायला लागला की तो गर्दीतून आत घुसतो आणि हातानं लय दाखवून सगळ्यांना खाली आणतो. कुणी सांगितलेलं नसतं. राहवत नाही म्हणून करतो.

आणि ज्यानं संगीत धरलं तो आपला पखवाजवाला. दहावीनंतर आळंदीला गेला. आज सप्ताहांना मृदंगावर उभा राहतो, वर्षातले बरेच दिवस जिल्ह्यातच असतो. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, शुक्रवारी संध्याकाळी आपल्याकडं शिकवशील का? म्हणाला, "काका, खोलीची किल्ली तेवढी मिळवा."

ती किल्ली मिळवण्यासाठी मी आज उभा आहे.

ज्यांची हरकत आहे त्यांचं म्हणणं मला माहीत आहे आणि ते वावगं नाही. कुणाच्या घरी नीटची तयारी चालू आहे, कुणाला रक्तदाब आहे, कुणाची म्हातारी आई संध्याकाळी जरा डोळा लागून पडते. ताशाचा आवाज भिंतीतून येतो. म्हणून माझी सूचना लेखी दिली आहे, तिच्यात या गोष्टी आहेत. मंगळवार आणि शुक्रवार, सायंकाळी सहा ते साडेसात, एवढंच. ताशा आणि मोठे ढोल सभागृहात आणायचे नाहीत. खिडक्या बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा संपेपर्यंत सुट्टी. उरलेले पाच दिवस सभागृह भाड्यानं द्यायला माझी काहीच हरकत नाही. लग्नाच्या तिथी आल्या तर मंगळवारही पुढंमागं करता येईल. उत्पन्न थोडं कमी होईल. किती कमी होईल त्याचा तक्ता मी सूचनेला जोडला आहे, तो प्रत्येकानं बघावा, माझ्या शब्दावर जाऊ नये. दुरुस्तीचा पहिल्या वर्षाचा खर्च, म्हणजे तबल्याच्या पुड्या, पेट्यांचे भाते, पखवाजाची वादी, हा माझ्या एका मुदत ठेवीच्या व्याजातून होईल. दुसऱ्या वर्षापासून मात्र वर्गणी काढावी लागेल. मेहली मेहतांच्या संस्थेचं काय झालं ते मघाशी सांगितलंच.

एक गोष्ट यावेळी बदलावी असंही मी लिहिलं आहे. मागच्या वेळी मुली पेटी आणि टाळांवरच जास्त असायच्या. आता आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर मुली पखवाज वाजवताना दिसतात. आपल्याकडं ज्या लेकराला जे वाद्य आवडेल ते त्यानं धरावं. आणि संस्थेच्या बाहेरची, रस्त्यापलीकडच्या वस्तीतली पाच-सहा लेकरं येत असली तर त्यांनाही सतरंजीवर जागा असावी. मैहरच्या बाबांनी कुणाचा पत्ता विचारला नव्हता.

पालकांना शेवटी एक विनंती. लेकराला पाठवलं तर 'हे करून पुढं काय' असं पहिल्या महिन्यात विचारू नका. आवर्ती ठेवीचं पासबुक रोज उघडून बघितलं तर त्यात काहीच वाढलेलं दिसत नाही. त्याची मुदत असते. आमच्या पिढीतल्या ज्यांनी लहानपणी ओळीत शेवटाला उभं राहून टाळ धरला, त्यांची ठेव सत्तरीतही व्याज देतेय.

आणि बाळगोपाळांनो, तुम्ही इतका वेळ शांत बसलात. ठराव मंजूर झाला तर पहिल्या मंगळवारी अकरा जण आले तरी आपण सुरू करू. अकरावा कोण ते तुम्ही आपसात ठरवा.

संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा. तेव्हा मी नसेन, पण वाजत असलं म्हणजे झालं.

रामकृष्ण हरी.